चौदा नंबर कायम रिकामी

सिस्टर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे बघत. चप्पल आहे का बूट, टाच कोणत्या बाजूनं झिजलीय, उभं राहिल्यावर भार कोणत्या पायावर टाकतो, हे सगळं चष्म्याच्या वरच्या कडेवरून पाहून झालं की मग विचारत, "कुठं जायलाव?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "मागं कोण बसणार?" गाडी कोणती पाहिजे, हे त्या कधीच विचारत नसत. गिऱ्हाईक आपण होऊन सांगायला लागलं तर त्याला पूर्ण बोलू देत, मान डोलवत, आणि मग आपल्या मनात जी असेल तीच चावी खिळ्यावरून काढून पुढे ठेवत.

नांदेडला स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आमचं दुकान होतं. दुचाकी भाड्याने देण्याचं. मोपेड, स्कूटर आणि मोटारसायकली मिळून अठरा गाड्या. गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू, माहूरला देवीला निघालेली जोडपी, कंधारचा किल्ला बघायला जाणारी कॉलेजची पोरं, औषधांच्या बॅगा घेतलेले प्रतिनिधी, लग्नाला आलेले आणि लग्नघरात कंटाळलेले पाहुणे, असे नाना तऱ्हेचे लोक यायचे. मालक महेश, उदगीरचा. घरी तीन पिढ्यांची आडत. त्यानं हा धंदा काढला तेव्हा त्याच्या वडिलांनी कपाळाला भस्माची बोटं ओढता ओढता विचारलं होतं म्हणे, "वापरून झाल्यावर परत आणून देतेत, असला माल असतो का कुठं?"

मी लातूरची. कॉम्प्युटरवरचं आणि मोबाईलवरचं बुकिंग सांभाळायला महेशनं मला ठेवलं होतं. मला जन्मापासून चौकशीची खोड. आई म्हणते, हिला पाळण्यातसुद्धा शेजारी कोण आलं ते बघायचं असायचं. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी महेशला विचारलं, की या काउंटरवर बसलेल्या पांढऱ्या साडीतल्या, साठीच्या बाई कोण?

"घरमालकीण," महेश म्हणाला.

"आणि काम कोणतं करतात?"

"मीबी तेच शोधून राहिलो," तो म्हणाला, पण हळू आवाजात.

सुलोचना गजभारे हे त्यांचं नाव. एका ग्रामीण रुग्णालयातून वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. वर राहायच्या, खालचा गाळा महेशला भाड्यानं दिलेला. दुकान नवं होतं तेव्हा दिवाळीच्या गर्दीत महेशनं एकच गाडी दोघांना कबूल करून ठेवली आणि दोघेही एकाच वेळी हजर झाले. आरडाओरडा ऐकून सिस्टर जिना उतरून आल्या त्या गप्प बसा म्हणून सांगायला. सांगता सांगता त्यांची नजर महेशच्या वहीवर गेली. "ही वही हाय का भाजीची यादी?" असं म्हणून त्या खुर्चीवर टेकल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळची बुद्धवंदना झाली की त्या खाली येऊन बसायला लागल्या. भाडेकरूच्या दुकानात घरमालकीण कामाला, असा प्रकार सबंध नांदेडात दुसरा नसेल. त्या पगार घेत नसत. दोन वेळचा चहा आणि वाट्टेल त्याला वाट्टेल ते बोलण्याचा हक्क, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

त्यांनी दुकानाचा वॉर्ड करून टाकला होता. भिंतीवर काळा फळा, त्यावर अठरा चौकटी. चौकटीत गाडीचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, कधी गेली, कधी येणार. गाडी गेली की "भरती", परत आली की "सुट्टी". माणसांना त्या नावानं हाक मारत नसत. "ओ नऊ नंबर, हेल्मेट राहिलं तुमचं!" असं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत आणि नऊ नंबरवर बसलेला चांगला सुटाबुटातला माणूस शाळेतल्या पोरासारखा मागे फिरायचा. मी तर त्यांच्या लेखी माणूस नव्हतेच, गाव होते. "ए लातूर, चहा सांग."

पायांवरून त्या काय ओळखत, याचं मला पहिले कित्येक महिने नवल वाटायचं. एकदा पंजाबातून आलेले दोन भाऊ होते. दोघेही उंचेपुरे. मोठ्यानं थेट आमच्या सगळ्यात जड मोटारसायकलकडे बोट दाखवलं. सिस्टरांनी त्याच्यापुढे मोपेडची चावी ठेवली. तो हसायला लागला, धाकटा तर पोट धरून हसला. सिस्टर हिंदीत म्हणाल्या, "दो दिन चलाव, फिर हसना." दोन दिवसांनी मोठा भाऊ चावी परत द्यायला आला तेव्हा हात जोडून विचारत होता, की माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं तुम्हाला कोणी सांगितलं? तो गेल्यावर मीही तेच विचारलं. "दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना डावा पाय दोन्ही वेळा आधी टाकला त्यानं," सिस्टर म्हणाल्या. "त्यात काय मोठं?"

दुसरी गोष्ट माहूरला निघालेल्या एका नव्या जोडप्याची. बुकिंग पक्कं, चावी हातात, नवरा आरशात केस नीट करत होता. सिस्टर मुलीकडे बघत होत्या. मग तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी विचारलं. मुलगी लाजली. सिस्टरांनी उठून नवऱ्याच्या हातातली चावी काढून घेतली. "गाडीवर माहूरचा घाट न्हाई, कंधारबी न्हाई. एसटीनं जावा, पुढच्या शिटावर बसा. आन् परत आल्यावर आधी डॉक्टरीणबाईकडं." बिचाऱ्याला ही बातमी भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर कळली. तो इतका वेळ हेल्मेट छातीशी धरून उभा होता, की शेवटी करीमभाईंनी ते सोडवून घेतलं.

करीमभाई म्हणजे आमचे मेकॅनिक. सिस्टरांचं आणि त्यांचं फार जमायचं, कारण दोघांचा एका नियमावर विश्वास होता. गाडी परत आली, की अर्धा तास ती कोणाला द्यायची नाही. हवा, ब्रेक, तेल, चाकं, सगळं बघायचं, पुसायची, उभी ठेवायची. "गरम खाटंवर दुसरा पेशंट टाकायचा न्हाई," हे सिस्टरांचं वाक्य. तसंच एक गाडी माहूरहून आली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माहूरला जाणार नाही, गावातल्या गावात फिरेल. का, तर "रात्रपाळी केलेल्या पोरीला सकाळची ड्युटी लावतेत का?"

माझ्या कॉम्प्युटरला हे असलं काही कळत नव्हतं. बेंगळुरूच्या एका कंपनीच्या ॲपवर आमच्या गाड्या दिसायच्या, लोक तिथून बुक करायचे. अकरा वाजता गाडी परत येणार असेल, तर ॲप अकरा वाजताच ती दुसऱ्याला देऊन मोकळं. एकदा सहा नंबरच्या स्कूटरवरून यामुळे चांगलंच वाजलं. गिऱ्हाईक मोबाईल नाचवत उभं, मी ॲपच्या बाजूनं, आणि सिस्टर चावीवर हात ठेवून बसलेल्या. "अर्धा तास," यापलीकडे एक अक्षर नाही. तेवढ्यात करीमभाई मागच्या टायरमधून बोटभर खिळा काढून घेऊन आले आणि काही न बोलता काउंटरवर ठेवून गेले. मला वाटलं, आता आठ दिवस हे मला ऐकावं लागणार. पण सिस्टरांनी तो खिळा कचऱ्यात टाकला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या यंत्रात येण्याची येळ अर्धा तास पुढं लिहीत जा. झालं काम." मी तसं करायला लागले. कॉलेजात शिकवलं नव्हतं ते असं शिकत गेले.

एक गोष्ट मात्र मला काही केल्या उमगत नव्हती, ती म्हणजे चौदा नंबर.

चौदा नंबरची स्कूटर कोणाला मिळत नसे. करीमभाई रोज सकाळी ती चालू करून बघत, हवा तपासत, पेट्रोल भरलेलं ठेवत. बाकी सतरा गाड्या जाऊन दारात माणसं ताटकळत असली, तरी चौदा नंबर भिंतीशी उभी. आणि मग महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी अचानक सिस्टर तिची चावी काढत आणि अशा माणसाला देत, की ज्यानं मागितलेलीसुद्धा नसे. मोठ्यानं अडचण सांगणाऱ्याला ती कधी मिळाली नाही. मी कारण विचारलं, तर रोज नवं. महेशला म्हणत, "कुठं पंक्चर झाली तर बदली लागती." गिऱ्हाइकाला सांगत, "ती साहेबाची हाय." हे साहेब कोण ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मला म्हणत, "तुझं लगीन ठरलं की सांगते."

मी आल्याला वर्ष झालं असेल, तेव्हा त्या कंपनीनं कळवलं, की चालू स्थितीतली प्रत्येक गाडी ॲपवर दिसली पाहिजे, नाहीतर दुकानाचं नाव यादीत सगळ्यात खाली जाईल. महेश त्याच सुमारास लातूरला दुसरी शाखा काढण्याच्या धावपळीत होता. नाव खाली जाणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. त्यानं सांगून टाकलं, अठराच्या अठरा गाड्या लावा. म्हणजे पेच सरळ होता. सिस्टरांना एक गाडी रिकामी पाहिजे होती आणि ॲपला एकही रिकामी चालत नव्हती.

"चौदा नंबर गेली, तर मी इथं बसणार न्हाई," सिस्टर म्हणाल्या. रागानं नाही, उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगावं तशा.

तेव्हा अक्कल पाजळली ती मी. ॲपमध्ये गाडीच्या नावापुढे "दुरुस्तीत" असं निवडता यायचं. मी म्हणाले, चौदा नंबर आपण कायमची आजारी दाखवू. मालक लातूरला, कंपनी बेंगळुरूला, कोण बघायला येतंय? सिस्टरांना खोटं लिहिणं बोचलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. पण शेवटी "हाव" म्हणाल्या आणि वरून एक जुनी हिरवी चादर आणून त्यांनी स्कूटरवर घातली. करीमभाईंनी शपथ घेतल्यासारखा गळ्याला हात लावला. मी बटण दाबलं. सात महिने आमचा कट बिनबोभाट चालला. त्या काळात चौदा नंबर तीनदा बाहेर गेली आणि तिन्ही वेळा ॲपच्या लेखी ती गॅरेजात झोपलेलीच होती.

आषाढातल्या एका सोमवारी मी लातूरला घरी गेले होते. करीमभाई भाच्याच्या लग्नाला हैदराबादला. सिस्टर पेन्शनच्या कामाला गेलेल्या. आणि त्या दिवशी दुकान सांभाळायला महेश स्वतः आला. मंगळवारी आम्ही तिघं परतलो तेव्हा तो दारातच उभा होता, तोंडभर हसत.

"सिस्टर, तुमची एक कटकट मिटवून टाकली बघा," तो म्हणाला. "रिपोर्ट बघितला. सात महिने दुरुस्तीत! किती दिवस पोसायची म्हणलं? विकून टाकली चौदा नंबर."

आम्ही तिघांनीही भिंतीकडे बघितलं. हिरवी चादर घडी घालून स्टुलावर ठेवलेली होती.

"घेणाऱ्याला मी इमानदारीनं सांगितलं, की इंजन बसलंय," महेशला अजून आमचे चेहरे दिसले नव्हते. "तर त्यानं सहज बटण दाबलं आन् एका सेकंदात चालू! मीच हैराण. तो म्हणला, बॅटरी चांगली दिसायली. चालवतच घेऊन गेला की."

करीमभाईंनी कपाळावर हात मारला. मला हसू आलं आणि रडूही. सिस्टरांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"महेशप्पा, ती आजारी नव्हती," त्या म्हणाल्या. "खोटं लिहायला मी सांगितलं. ह्या लातूरचा त्यात दोष न्हाई."

खरं म्हणजे युक्ती माझीच होती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं. मग त्या उठल्या, फळ्यावरचा चौदाचा चौकोन पुसला आणि जिना चढून वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाहीत. महेश ओशाळला होता. त्यानं विकत घेणाऱ्याला गाठलं, पण गाडी तिथून पुढे आणखी कोणाला तरी गेली होती. मग त्यानं दुसरी एक स्कूटर आणली आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं चौदा आकडा रंगवला. तेवढं करून तो वर गेला आणि पाच मिनिटांत परत आला. "काही बोलतच न्हाईत," तो म्हणाला. "चहा देतेत आन् खिडकीतून बघत बसतेत. लातूर, तू जा." सिस्टर नसल्यावर तोही मला लातूर म्हणायला लागला होता.

मी गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी काही न विचारता समोर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मी न विचारता बसले होते, म्हणूनच बहुतेक त्यांनी सांगितलं.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "वॉर्डात एकच खाट उरली होती. माझ्या वडलाला ताप आला होता. साधा ताप. घरी झोपले असते तरी चाललं असतं. पण पोरगी सिस्टर हाय म्हणल्यावर आले रुबाबात, आन् मी दिली खाट. तासाभरानं एक बाई आली. ओली बाळंतीण. खाट न्हाई. खाली सतरंजी टाकून झोपवली तिला. चार दिवस फरशीवर होती."

मला वाटलं, आता ती बाई दगावली असं सांगतात. 

"बरी झाली की," सिस्टर म्हणाल्या. "बाळबी बरं. चांगली चालत घरी गेली. पण जाताना माझ्या पाया पडली गं ती. म्हणली, सिस्टर, तुम्ही जागा दिलीत म्हणून वाचले. फरशीची जागा! आन् वडील माझे खाटंवर बसून सफरचंद खायलेत." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "शिव्या दिल्या असत्या तर इसरून गेले असते. त्या बाईनं आभार मानले, तेवढं काही इसरता येईना. तवापासून माझ्या वॉर्डात एक खाट रिकामी. वरचे साहेब चिडायचे, मी ऐकलं न्हाई. वशिल्याचा माणूस वरडतो, त्याला जागा मिळतीच. जो दाराशी गप उभा राहतो, त्याच्यासाठी राखावी लागती."

 हे माझं लग्न ठरायच्या आधीच सांगितलंत, असं काहीतरी मी बोलले असेन. त्या हसल्या नाहीत.

"पण खोटं लिहून राखली, म्हणून गेली," त्या म्हणाल्या.  मग त्यांनी एकदम विचारलं, "तुझ्या त्या यंत्रात माझ्या नावानं बुकिंग करता येतं का? रोजचं?"

"तुमच्या नावानं?"

"हाव. मी गिऱ्हाईक. चौदा नंबर रोज मी घेणार. भाडं घरभाड्यातून वळतं करा. मग न्यायची का उभी ठेवायची, ती माझी मर्जी. मला जायचं नसलं, तर मी दुसऱ्याला देईन. तुझ्या कंपनीचं काही म्हणणं हाय का त्यावर?"

कंपनीचं काही म्हणणं नव्हतं. अडचण एकच होती. बुकिंगसाठी लायसन लागायचं आणि सिस्टरांनी जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नव्हती.

"काढते की," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ नांदेडातल्या ज्या लोकांनी पाहिला, ते अजून सांगत असतील. शिकाऊ लायसनची परीक्षा त्यांनी एका झटक्यात पास केली. बाहेर आल्या त्या चिडून. "ॲम्ब्युलन्सला वाट द्यावी का, असं विचारतेत. मला!" मग रोज सकाळी मैदानात पांढऱ्या साडीला कास मारून सिस्टर चौदा नंबरवर बसायच्या आणि करीमभाई दोन्ही हात पसरून मागे पळायचे. "ब्रेक, सिस्टर, ब्रेक!" हे शब्द मैदानाच्या पलीकडे ऐकू यायचे. पहिल्या चाचणीत आठ आकडा काढताना पाय टेकला, नापास झाल्या. इन्स्पेक्टरनं "आजी, कशाला या वयात?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "मला कुठं जायचं न्हाई बाबा, गाडी नावावर पाहिजे." त्याला काय कळलं असेल कोण जाणे. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. महेशनं पेढे वाटले. दुकानाच्या दाराशी गाडीवरून उतरून त्यांनी चावी खिळ्यावर अडकवली. त्यानंतर त्या पुन्हा कधी गाडीवर बसल्या नाहीत.

पण रोज सकाळी ॲपवर पहिलं बुकिंग असायचं, गजभारे, चौदा नंबर. त्या रीतसर फॉर्मवर सही करत, लायसन दाखवत, हेल्मेट घेऊन ते काउंटरवर शेजारी ठेवत आणि कामाला लागत.

नवरात्रातला तो एक दिवस माझा नांदेडातला जवळजवळ शेवटचा. पुढच्या आठवड्यात मला लातूरच्या शाखेत जायचं होतं. माहूरची गर्दी, त्यात रिक्षावाल्यांनी बंद पुकारलेला. दहा वाजेपर्यंत सतरा गाड्या गेल्या. दारात माणसं. एकजण म्हणाला, मी नगरसेवकाचा मेहुणा, ती उभी आहे ती स्कूटर द्या. सिस्टर म्हणाल्या, बुकिंग हाय. कोणाचं? गजभारेचं. कुठाय तो गजभारे? "येईल," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. दुपारी महेशचा सख्खा साडू उदगीरहून आला. त्यालाही गाडी पाहिजे होती. महेशनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा सिस्टरांकडे. मी कान टवकारले. "न्हाई हो, बुकिंग झालंय," महेश साडूला म्हणाला. सिस्टरांनी मान वर केली नाही, पण महेशसाठी चहा सांगितला.

साडेतीनच्या सुमारास दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, धोतर-सदरा, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं "आज गाडी शिल्लक नाही" ही पाटी वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली. आत आला नाही, काही विचारलं नाही, गेलाही नाही. रस्त्याकडे बघायचा, पुन्हा पाटीकडे. सिस्टर त्याच्या पायांकडे बघत होत्या. वहाणा धुळीनं भरलेल्या, एका वहाणेचा अंगठा तुटलेला.

"कुठं जायलाव?" सिस्टरांनी बसल्या जागेवरून विचारलं.

तो दचकला. "विष्णुपुरीला," म्हणाला. "पोरगी तिथं कॉलेजात बसली हाय. ॲडमिशनला अस्सल दाखला मागायलेत, तो घरीच राहिला. गावाकडून घेऊन आलो. पाच वाजेपत्तूर द्यायचाय. बस गच्च हाय, रिक्षा बंद. चालत निघावं म्हणतो, पण..."

"लायसन?"

"हाय. फटफटी चालवतो मी गावाकडं."

सिस्टर उठल्या. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. त्यांनी चावी त्याच्या हातात दिली, शेजारचं हेल्मेट दिलं. "मागं कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"येताना पोरगी."

त्यांनी दुसरं हेल्मेट काढून दिलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझं बुकिंग ह्यांच्या नावानं कर." मी लायसनचा फोटो काढेपर्यंत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मग त्यानं पिशवी सदऱ्याच्या आत घातली, किल्ली फिरवली आणि गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. कोपऱ्यावरच्या गर्दीत दिसेनासा झाला.

सिस्टर फळ्याशी गेल्या, चौदाच्या चौकटीतलं स्वतःचं नाव ओल्या फडक्यानं पुसून त्याचं लिहिलं. मला त्या माणसाचा राग आला होता. एवढं सगळं ज्यासाठी केलं, दोन महिने मैदानात पडत-धडपडत, तो हा.

"साधे आभारसुद्धा मानले नाहीत त्यानं," मी म्हणाले.

सिस्टर खडू हातात धरून वळल्या. आणि हसायला लागल्या. मोठ्यानं, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जवळजवळ दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"तेच तर गं," त्या म्हणाल्या. "तिकीट काढून बसलेला माणूस कंडक्टरच्या पाया पडतो का?"